थंडी तार

१

मेनचा दांडा खाली होता.

हरीशने तो खाली ओढला नव्हता. ओढण्यासाठी तो धावला होता, आणि त्याचा हात हवेतच राहिला होता.

वैशाखातली कलती दुपार होती. कनेरगाव नाक्यावरून वाशीमकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ शेडच्या पत्र्यावर बसत होती. चौकातल्या दुकानातून वेल्डिंगच्या कांड्या घेऊन हरीश परतला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ भागवत जमिनीवर कुशीला वळलेला होता. उन्हाचा दाह कमी व्हावा म्हणून पाणी शिंपडलेली फरशी अजून ओलसर होती आणि दादाचे दोन्ही गुडघे त्या ओलीत टेकलेले होते. त्याच्या मुठीत ते जुन्या बनावटीचे, संपूर्ण लोखंडी अंगाचे ड्रिल मशीन होते. दोन्ही हातांनी ते छातीशी असे धरलेले, जणू कुणी ते हिसकावून घेईल.

शॉक लागलेल्या माणसाला शिवायचे नाही, आधी वीज तोडायची. हे हरीशनेच दादाला अनेकदा सांगितले होते. म्हणून तो आधी बोर्डाकडे धावला, आणि बोर्डावर दांडा खाली होता. वीज मुळात तुटलेलीच होती.

मग त्याने कोपऱ्यातली फळी उचलली आणि तिने मशीन दादाच्या हातांतून लोटून दिले. वायर ताणली गेली, प्लग सॉकेटातून निसटला. दादाचे हात मात्र तसेच राहिले, काहीतरी धरल्यासारखे.

हरीश ओरडला. पहिल्यांदा आली ती शेजारची गोजरबाई. दोन भिंतींमधल्या बोळातून ती लगबगीने आली, हातात रिकामी कळशी, लुगड्याचा काठ भिजलेला. "काय झालं रे लेकरा?" म्हणेपर्यंत तिची नजर खाली गेली आणि कळशी हातातून सुटली.

पाठोपाठ समोरच्या चहाच्या टपरीवरून उद्धव वायरमन आला. गर्दी जमली. कुणीतरी बोलावून आणलेल्या डॉक्टरांनी दादाच्या तळव्यावरचा काळपट डाग पाहिला आणि म्हणाले, विजेचा धक्का.

"मेन बंद होता," हरीश म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. "मी आलो तेव्हा बंदच होता."

उद्धवने बोर्डाकडे पाहिले, मग हरीशकडे. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बंद व्हता? मंग मेला कशानं? बंद लायनीत माणूस मरत न्हाई, हरीश. कोनीतरी चालू केला, अन् काम झाल्यावर बंद केला."

गर्दीतले सगळे थोडेसे मागे सरकले, आणि शेडच्या मधोमध मेलेला भाऊ व जिवंत भाऊ असे दोघेच उरले.

२

माणूस खरे बोलत असतानाही त्याला स्वतःच्या खरेपणाची भीती वाटू शकते, हे हरीशला त्या दिवसांत कळले.

दांडा खरोखर खाली होता का? की धावण्याच्या त्या क्षणात त्यानेच तो खाली ओढला आणि मन ते विसरले? तो डोळे मिटे, आणि दर वेळी दांडा खालीच दिसे. पण दर वेळी त्याची कड थोडी अधिक पुसट होत जाई. शेडसमोरून जाताना बायका लेकरांना पलीकडच्या बाजूला घेत. कुणी म्हणे, मशीनमध्ये काही शिरले आहे, बंद असतानाही ते जीव घेते. कुणी म्हणे, मशीन कशाला, धाकटा भाऊच बघा की.

आणि म्हणायला कारणही होते. थोड्याच आठवड्यांपूर्वी हरीश साऱ्या नाक्यासमोर दादावर ओरडला होता. भागवतला प्लगचा कंटाळा. वायरीची दोन उघडी टोके सॉकेटात घालायची आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, ही त्याची पद्धत. जमिनीची तिसरी तार तर तो छाटूनच टाकी. "एक दिवस ह्याच मशीनवर मरशील, दादा!" हरीश म्हणाला होता. त्या भांडणानंतरच भागवत नमला. तीन पिनांचे प्लग आले, करंट कुठे गळला तर आपोआप तुटणारा स्विच आला, आणि शेडमागच्या बोळात उद्धवने खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून, अर्थिंगचा पाइप पुरला.

पोलीस जमादाराने हरीशकडून ते 'मरशील'चे वाक्य तीनदा वदवून घेतले.

"ह्याच मशीनवर, व्हय?"

"व्हय. पण ते..."

"लय बराबर भविष्य सांगतोस गड्या. जरा आमचंबी सांग, बदली कुठं होईन?" शिपाई हसला. जमादार मात्र हसला नाही. "विजेच्या बाई यिऊन राहिल्या हिंगोलीहून. त्या काय म्हन्तात ते पाहू. तवर गाव सोडायचं न्हाई."

घरी साधनावहिनी भिंतीला टेकून बसलेली होती. तिच्याजवळ गोजरबाई होती. घटना घडल्यापासून ती स्वतःच्या घराला कुलूप लावून इथेच ठाण मांडून होती. हरीश उंबऱ्याशी थांबला. वहिनी त्याच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी. आई गेल्यानंतर या घरात त्याला जेवायला हाक मारणारा आवाज तिचाच होता.

तिने वर पाहिले. डोळे कोरडे होते.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "मेन तुम्ही बंद केला का?"

"नाही, वहिनी."

मग तिने मान वळवली. जमादार काय करील, कचेरीत काय होईल, त्याची भीती होतीच. पण त्या वळलेल्या मानेपुढे ती कोर्टकचेरीची भीती त्याला फार लहान वाटली. हे घर आता आपल्याला खुनी समजून जेवायला वाढणार.

३

विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून आलेल्या आकांक्षा मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. बोलणे कमी, पाहणे फार. त्यांनी आधी ड्रिल मशीन उघडले. आतली तार कुठे सोललेली नव्हती, गुंडाळी जळालेली नव्हती, लोखंडी अंगाला वीज कुठेही शिवत नव्हती. गळती पकडणाऱ्या स्विचचे बटण त्यांनी दाबले, तो टपकन पडून बंद झाला. उद्धवने शेडमध्ये केलेली जोडणी त्यांनी तार-तार तपासली. मेन चालू करून मशीन फिरवले, टेस्टर लावला. काही नाही.

"सगळं निर्दोष आहे," त्या म्हणाल्या.

उद्धवने रोखून धरलेला श्वास सोडला. जमादाराने हरीशकडे पाहिले. "म्हंजे घ्या. मशीनमधी खोट न्हाई, मानसात हाय."

"एवढ्यात काही घेऊ नका. उद्या संध्याकाळपर्यंत मला वेळ द्या." त्यांनी मशीनच्या तोंडाकडे बोट केले. तिथे सामता, म्हणजे भोक पाडायचे टोक, घट्ट करायची चावी तशीच अडकलेली होती. "सामता बदलत होते ते. नेहमी मेन बंद करून बदलायचे?"

"आधी नाही. त्या भांडणानंतर करायला लागले," हरीश म्हणाला. "मी प्लग काढत जा म्हणायचो. ते म्हणायचे, पुन्हा वाकून कोण घालील, मेन पाडतो की."

मॅडमनी त्याच्याकडे निरखून पाहिले.

हरीशला सोबत घेऊन त्यांनी उद्धवला टपरीवरच गाठले.

"तुमचं आणि भागवतचं कसं होतं?"

"चांगलं व्हतं की."

टपरीवाला मध्येच म्हणाला, "चांगलं? अहो मॅडम, भागवतचं नाव काढलं का ह्याचा चहा आंबट व्हायचा."

उद्धव ओशाळला. "खोटं काहून बोलू? कोनाचा पंखा बंद, कोनाची लाईन गेली, का लोक त्यालाच बलवायचे. फुकटात करून द्यायचा. माह्या पोटावर पाय यायचा. पन म्हून मी त्याला मारीन का? म्या त्या येळी इथंच व्हतो, कप हातात व्हता." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "अर्थिंग म्या जीव लावून केलं, बाई. त्यात खोट निघाली तर माहं लायसन जाईन. सांगा, खोट हाय का?"

"तुमच्या कामात नाही," मॅडम म्हणाल्या. त्या शब्दांत काय दडले होते, ते उद्धवला समजले नाही. हरीश मात्र त्या शब्दांवर अडखळला.

तो त्यांच्या मागोमाग शेडपर्यंत गेला. ऊन उतरू लागले होते. शटरला त्याचा हात लागणार, तोच त्याने तो मागे घेतला. हल्ली त्याला प्रत्येक लोखंडाची भीती वाटत होती.

"मॅडम, तुम्हालाही मीच वाटतो का?"

"तुम्ही केलं असतं, तर 'मेन चालू होता, मी येऊन बंद केला' एवढंच सांगितलं असतं. साधा अपघात ठरला असता. सगळ्यांनी मानही डोलावली असती. मेन बंद होता असं सांगून फास स्वतःच्या गळ्यात कोण घालून घेईल? तुम्ही खरं बोलताय, असंच मी धरून चालले आहे."

हरीशच्या डोळ्यांत पाणी आले.

"पण त्यामुळे माझी भीती वाढली आहे," त्या पुढे म्हणाल्या. "कारण मग ज्याने तुमच्या भावाला मारलं, ते अजून इथेच कुठेतरी आहे. आणि ते मेन पाडून बंद होत नाही."

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोजरबाईशी बोलायचे ठरवले. साधनाच्या घरीच, ओट्यावर. म्हातारी आधीपासूनच सावध होती.

"बाई, तुमी बिलवाल्या का?"

"नाही मावशी."

"मंग बराय. बिलवाले आले का माहं बीपी वाढतं." तिने पदर सारखा केला. "म्या काय सांगू? वरडला तं म्या आले. बस."

"बोळातून आलात. हातात रिकामी कळशी होती, असं हरीश म्हणतात. त्या बोळात नळ आहे?"

"न्हाई."

"झाडं?"

"मुरुमात काय झाडं येत्यात?"

"मग पाणी कशाला ओतलंत?"

गोजरबाईची बोटे पदराच्या टोकाशी खेळू लागली. शेजारी बसलेल्या साधनाने पहिल्यांदा मान वर केली.

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमच्या घरी त्या दुपारी काय चालू होतं?"

"काय चालू राहीन? कूलर." म्हातारीला हा प्रश्न सोपा वाटला, म्हणून ती भडाभडा बोलू लागली. "लेकीकडं गेल्ते कळमनुरीला, तिचं बाळंतपण. त्या दिवशीच आले. घर तापून भट्टी झाल्तं. आल्या आल्या कूलर लावला. पन मेला फिरंच ना! निस्ता कुंथून राहिल्ता. वारं म्हनून न्हाई. मंग आठवलं, आठ-पंधरा दिसांत पाणी टाकलं न्हाई..." आणि ती एकदम थांबली.

"कशात?"

मॅडमनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"तेव्हापासून तुमचं घर बंदच आहे ना? मग आता चला, कुलूप उघडा. मी हाक मारली की कूलर लावा, आणि पुन्हा हाक मारली की लगेच बंद करा. लाकडी पाटावर उभ्या राहा. दुसरं काहीही शिवू नका."

शेडमध्ये जमादार होता, उद्धव होता. साधना कुणी न बोलावता आली आणि दाराशी उभी राहिली. मॅडमनी सगळ्यांना मागे सारले. ड्रिल मशीन त्यांनी कोरड्या फळीवर ठेवले, त्याचा तीन पिनांचा प्लग सॉकेटात घातला आणि जमादाराला म्हणाल्या, "मेनचा दांडा तुम्ही स्वतः खाली ओढा."

जमादाराने ओढला. खट्ट आवाज झाला.

"बंद आहे?"

"बंद हाय की. डोळ्यांदेखत."

मॅडमनी टेस्टरचे टोक मशीनच्या लोखंडी अंगाला लावले. काही नाही. टेस्टर तसाच धरून त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली.

पलीकडे कूलर कण्हत सुरू झाला.

आणि बंद शेडमध्ये, बंद मेनखाली, बंद मशीनच्या अंगावर टेस्टरमधला लाल ठिपका हळूच डोळा उघडल्यासारखा पेटला.

कुणीतरी "अरे देवा" म्हणाले. हरीशला वाटले, शेडमधले प्रत्येक लोखंड आपल्याकडे पाहत आहे. ग्राइंडर, वेल्डिंगचे टेबल, कापायचे मशीन, सारे तीन पिनांच्या शिस्तीत भिंतीला जोडलेले. सुरक्षित करण्यासाठी त्यानेच हट्टाने जोडून घेतलेले.

"बंद करा मावशी!" मॅडम ओरडल्या. लाल डोळा मिटला.

५

बोळात ते सगळे उभे होते. दोन भिंतींच्या मध्ये, कोरड्या मुरुमातून अर्थिंगचा पाइप वर आलेला. त्याच्या गळ्याशी दोन तारा होत्या. एक शेडकडे गेलेली हिरवी, उद्धवची. दुसरी काळी, पत्र्याच्या तुकड्याखाली झाकलेली, भिंतीच्या भोकातून गोजरबाईच्या घरात शिरलेली.

"ही माही न्हाई," उद्धव पुटपुटला. "आईशप्पत, ही माही न्हाई."

"मशीन निर्दोष होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा स्वर अगदी सपाट होता. "निर्दोष मशीनचा मेन कुणी चालू केला असता, तरी अंगाला धरलेला माणूस मेला नसता. म्हणून मेन कुणी चालू केला, हा प्रश्नच चुकीचा होता. खरा प्रश्न असा, की मेन पाडल्यावरही मशीनला कोणती तार जोडलेली राहते? फक्त जमिनीची. ती कुठल्याच स्विचमधून जात नाही, जाऊही नये. मग जमिनीच्या तारेत वीज कुठून आली? मावशींच्या घराची थंडी तार, म्हणजे न्यूट्रल, गेलेली असणार."

"खांबावरच जळली," गोजरबाई दाराच्या चौकटीला धरून म्हणाली. "तक्रार देली, पन कोनी आलं न्हाई."

"तुम्ही त्या तारेला थंडी म्हणता," मॅडम म्हणाल्या. "आणि थंडी म्हटलं की वाटतं, तिच्यात काही नसतं, ती कुठेही बांधली तरी चालेल. पण गरम तारेतून आत आलेली वीज त्याच थंडीतून परत जाते. ती पाइपाला बांधली. पाइप ओला असेल तर वीज जमिनीत मुरते. मावशी गावाला गेल्या, मुरुम वाळला, वीज मुरेना. कूलर कुंथत होता ना? कूलरला जेवढी कमी पडत होती, तेवढी इथे, ह्या पाइपावर उभी होती. तिथून हिरव्या तारेने शेडमध्ये. गळतीचा स्विच पडला नाही, कारण वीज शेडची नव्हतीच. मावशींनी कूलर लावला, तेव्हा भागवत ओल्या फरशीवर गुडघे टेकून, मेन पाडून, निर्धास्तपणे सामता बदलत होता. त्याने फक्त प्लग काढलेला असता..."

वाक्य अर्धेच राहिले. कूलर कुंथला म्हणून म्हातारी कळशी घेऊन बोळात आली, पाणी ओतले, आणि पुराव्यासह वीज जमिनीत मुरून गेली. हे आता कुणाला सांगावे लागले नाही.

जमादाराने खाकरून विचारले, "ही काळी तार जोडली कोनी?"

गोजरबाई साधनाकडे पाहत राहिली.

"भागवतनं," ती म्हणाली. "माह्या घरात अंधार व्हता. तो म्हन्ला, मावशे, थंडीच तं पाह्यजे, आपला पाइप हाय की. म्हन्ला, रोज कळशीभर पाणी टाकत जाय. अन् म्हन्ला, हरीशला सांगू नको, उगंच बोंबलंन माह्यावर." ती खाली बसली. "बाई, खरं सांगा. म्या बटन दाबलं, तव्हाच का?"

मॅडम जमिनीकडे पाहू लागल्या. हरीशला वाटले, आपण बोलावे, काहीतरी दयाळू खोटे बोलावे. खुनाचा डाग त्याच्यावरून उठला होता, आणि आता तो उडत कुणाच्या अंगावर बसेल, याचीच त्याला भीती वाटत होती.

साधना पुढे आली. म्हातारीसमोर ती उकिडवी बसली आणि तिने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"तव्हाच, मावशी," ती म्हणाली. "पण तुमाला ठाव नव्हतं. अन् त्यांनाबी न्हाई." गोजरबाईच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. साधनाने हात सोडले नाहीत. तिने मान वळवून हरीशकडे पाहिले. अनेक दिवसांनी, सरळ. काही क्षण तिच्या डोळ्यांत केवळ दुःख होते. मग तिथे काहीतरी वेगळेच दाटून आले, आणि तिचा आवाज बदलला.

"मावशी, आणखी कोनाला जोडून देलं त्यांनी असं?"

गोजरबाईने डोळे पुसले. आठवू लागली.

"सखुबाईकडं व्हय... तिची बी थंडी गेल्ती, फाटकाच्या लोखंडी खांबालाच बांधून देली. मंग तो खालच्या आळीचा दगडोबा, त्याच्या मोटरीचं... पेमाकडं तर म्याच पाठवलं..."

बाहेर ऊन उतरले होते. दिवसभर अंग चोरून बसलेले गाव आता अंगणात पाणी शिंपडून बाहेर येत होते. कुठेतरी एक कूलर सुरू झाला. मग दुसरा. मग खालच्या आळीतून तिसरा, कण्हत, कुंथत.

उद्धव केव्हाच पक्कड घेऊन उभा होता. "दगडोबाकडं म्या जातो," म्हणत तो निघाला. मॅडमनी जमादाराला खांबावरची वीज बंद करण्यासाठी वायरलेसवर कळवायला सांगितले, पण ते होईपर्यंत किती बटणे दाबली जातील, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

"भाऊजी, चला," साधना म्हणाली, आणि पदर खोचून पळू लागली.

हरीश तिच्यामागून धावला. सखुबाईच्या घराशी दोघे एकदमच पोहोचले. अंगण नुकतेच शिंपलेले, मातीचा ओला वास उठलेला, आणि समोर बंद लोखंडी फाटक. आत कूलरचा आवाज होता. अनवाणी सखुबाई हातात बादली घेऊन फाटक उघडायला येत होती, ओळखीचे हसत.

हरीशचा हात कडीकडे गेला आणि थांबला. साधनानेही हात मागे घेतला. मग दोघांनीही, फाटकापासून एक पाऊल मागे सरून, जिवाच्या आकांताने हाक मारली.

"शिवू नका! आहे तिथंच उभ्या राहा!"

सखुबाईचे पाऊल ओल्या मातीत थबकले. फाटकाच्या गजापासून तिची बोटे टीचभर दूर होती.